पाठीवर सॅक नको, खिशात औषध हवं

एप्रिल उजाडला की माझ्या ओपीडीत एक वेगळाच पेशंट दिसू लागतो. त्याला काहीही झालेलं नसतं. जून-जुलैमध्ये तो मित्रांबरोबर मोटरसायकलवरून लडाखला किंवा स्पितीला निघालेला असतो. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, सगळी तयारी झालेली असते. बीपी, शुगर, ईसीजी बघून "डॉक्टर, जाऊ ना?" एवढंच त्याला विचारायचं असतं. पूर्वी असे पेशंट पंचविशीतले असत. आता पंचेचाळिशी-पन्नाशीचेही येतात, आणि मला त्याचा आनंदच वाटतो.

मी बीपी बघतो, छाती तपासतो आणि शेवटी विचारतो, "सामान कसं नेणार?" बहुतेक जण हसतात. सामानाचा आणि डॉक्टरचा काय संबंध? माझ्या मते खूप जवळचा संबंध आहे.

एक उदाहरण सांगतो. पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ४६, लहानपणापासून दमा, पण औषधांनी अगदी आटोक्यात. मनाली-लेह रस्त्यावर सरचूच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. पुढे ट्रक, मागे धुळीचा लोट, हवा थंड आणि कोरडी. दम लागला, छाती आवळली, शिट्टी वाजू लागली. इनहेलर होता का? होता. एक नाही, दोन होते. पण दोन्ही एकाच डब्यात, डबा डाव्या सॅडल बॅगेत कपड्यांच्या खाली, बॅगेवर तंबू आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचे आणि दोरीचे वेढे. मित्राने शेवटी चाकूने दोरी कापली. परत आल्यावर हे गृहस्थ मला म्हणाले, "डॉक्टर, पाच-सात मिनिटंच गेली असतील. पण तेवढ्यात माझ्या दोन्ही मुलींची लग्नंसुद्धा डोळ्यांसमोरून गेली."

मी विचारलं, "तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये काय होतं?"

"कॅमेरा, दोन लेन्स, पॉवर बँक, जास्तीचे बूट आणि जॅकेट."

म्हणजे जे अंगावर हवं होतं ते गाडीवर, आणि जे गाडीवर हवं होतं ते अंगावर! मला आज एवढंच सांगायचं आहे. लांबच्या प्रवासात वजन गाडीने वाहावं. अंगावर फक्त तेच असावं, जे गाडी हाताशी नसली तरी तुमचा जीव सांभाळेल.

पाठीवरचं ओझं का नको?

"आम्ही ट्रेकला १५ किलोची सॅक घेऊन चालतोच की," असं मला नेहमी ऐकवलं जातं. चालणं आणि गाडी चालवणं यात फरक आहे. चालताना चांगल्या सॅकचा कमरपट्टा बरंचसं वजन खुब्याच्या हाडांवर घेतो आणि पाठीचे स्नायू सतत हालचाल करत असतात. गाडीवर तुम्ही तासन्‌तास एकाच स्थितीत बसता, बहुतेक वेळा थोडे पुढे वाकून. अशा वाकलेल्या स्थितीत मणक्यांमधल्या चकत्यांवर आधीच जास्त दाब असतो. त्यात इंजिनाची थरथर आणि खड्ड्यांचे दणके. प्रत्येक दणक्याला पाठीवरचं ओझं कण्यावर आपटतं.

काही जण सॅकचा तळ सीटवर टेकवतात. खांद्यांना बरं वाटतं, पण प्रत्येक खड्ड्यात सीट सॅकला वर ढकलते आणि खाली येताना पट्टे पुन्हा खांद्यांत रुततात. सॅक उंच असेल तर हेल्मेटचा मागचा भाग तिच्यावर अडतो, मान वर करता येत नाही आणि घाटातलं पुढचं वळण नीट दिसत नाही.

खांद्यातून हाताकडे नसांचा एक जुडगा जातो. त्याला ब्रेकिअल प्लेक्सस म्हणतात. पट्ट्याचा दाब त्यावर बराच काळ राहिला तर हाताला मुंग्या येतात, खांदा कमजोर होतो. सैनिकांमध्ये आणि गिर्यारोहकांमध्ये हा त्रास डॉक्टरांना जुन्या काळापासून माहीत आहे. मला तो पुस्तकाबाहेरही माहीत आहे. एमडी करत असताना मित्राच्या गाडीवरून पुणे ते रत्नागिरी असा प्रवास केला होता, पाठीवर गच्च भरलेली सॅक. तिसऱ्या दिवशी केस विंचरायला उजवा हात वर जाईना. तीन आठवड्यांत बरं झालं. तोपर्यंत वॉर्डात सगळ्यांनी यथेच्छ चेष्टा केली.

शेवटचा मुद्दा पडण्याचा. माणूस पाठीवर पडला तर सॅकमधला स्टोव्ह किंवा कॅमेरा थेट कण्याखाली येतो. जॅकेटच्या मागच्या गादीचा मग काय उपयोग?

चोरीची भीती मला मान्य आहे. त्यासाठी पैसे, कागदपत्रं आणि फोन एका छोट्या पाऊचमध्ये ठेवा. पाठीवर काही हवंच असेल तर दीड-दोन लिटर पाण्याची पिशवी चालेल. तहान लागेल तसं घोट घोट पाणी पोटात जातं आणि ओझंही कमी होत जातं.

गाडीवर किती आणि कुठे?

गाडीच्या माहितीपुस्तिकेत ती एकूण किती वजन वाहू शकते हे दिलेलं असतं. त्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान सगळं येतं. समजा तो आकडा १८० किलो आहे. तुम्ही ८२, मागे बसणारा ६५, दोघांचे हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून १०, आणि नंतर बसवलेला लोखंडी कॅरिअर ८. उरले १५ किलो. तंबू, स्लीपिंग बॅगा, भांडी, कपडे सगळं त्यात बसवायचं. हा हिशेब कागदावर मांडला की अर्धं सामान आपोआप घरी राहतं.

जड वस्तू खाली आणि चालवणाऱ्याच्या जवळ, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या. हलक्या वस्तू, म्हणजे स्लीपिंग बॅग आणि मॅट, वर. जड सामान मागच्या चाकाच्याही मागे टांगलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डळमळतं. ते सावरताना खांदे आणि मनगटं दिवसभर आवळलेली राहतात. संध्याकाळी पेशंट म्हणतो हात दुखतात, आणि कारण असतं मागच्या कॅरिअरवर. सामान सायलेन्सरपासून दूर हवं, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जाऊ नयेत. पेट्रोलचा कॅन आणि खाण्याचे पदार्थ एका बॅगेत कधीही नको.

चुंबकाने चिकटणारी टँक बॅग सोयीची असते. पण छातीत पेसमेकर असलेल्यांनी ती वापरू नये. जोरदार चुंबक जवळ आला तर पेसमेकरच्या कामात फरक पडू शकतो. पट्ट्यांची टँक बॅग घ्या.

दोरी बांधताना डोळा सांभाळा

दोन्ही टोकांना हूक असलेली ताणाची रबरी दोरी आपण सगळेच वापरतो. ताणलेला हूक निसटला तर तो गोफणीसारखा परत येतो, आणि बांधणारा वाकून तिकडेच बघत असतो. या दोरीने डोळ्याच्या आत रक्तस्राव होणं, पडदा सुटणं, कायमची दृष्टी जाणं, हे सगळं नेत्रतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर या दोऱ्या घरीच ठेवा. बकलचे सपाट पट्टे घ्या. दोरी वापरायचीच असेल तर हेल्मेटची काच खाली करून आणि चेहरा बाजूला ठेवून बांधा. हूक निसटून डोळ्याला लागलाच, तर डोळा चोळू नका, दाबू नका. दुखणं कमी वाटलं तरी त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

अंगावर काय हवं?

जॅकेटच्या आतल्या, चेन असलेल्या खिशात हे ठेवा:

- दमा असेल तर इनहेलर. दुसरा इनहेलर मित्राच्या खिशात.
- हृदयविकार असेल तर जिभेखाली ठेवायची गोळी, तुमच्या डॉक्टरांनी दिली असेल तीच.
- मधुमेह असेल तर ग्लुकोज पावडर किंवा साखर. शुगर कमी झाल्यावर बॅगेचे पट्टे सोडायला हातही थरथरतात.
- रोजच्या गोळ्या दोन दिवस पुरतील इतक्या. बाकीच्या सामानात, पण दोन वेगवेगळ्या बॅगांत.
- एक कागद: नाव, रक्तगट, आजार, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते आणि घरचा फोन नंबर. फोन कुलूपबंद असतो, कागद नसतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. राजस्थान-पंजाबच्या उन्हात बंद डिकीत ते तापतं आणि सरचूसारख्या ठिकाणी रात्री बॅगेत गोठू शकतं. दोन्ही वाईट. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. मैदानी भागात ते थर्मासमध्ये ठेवा. उंचावर रात्री पेन स्लीपिंग बॅगेत आपल्याबरोबर घेऊन झोपा.

कमरेचा पाऊच फार घट्ट बांधू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली जाते आणि तिथे जळजळ, बधिरपणा येतो. मागच्या खिशातलं जाड पाकीटही काढा, त्यावर सहा तास बसायचं आहे.

उतरवणंही व्यायामच आहे

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे पोचल्या दिवशी शरीराला विश्रांती हवी असते, कारण पहिल्या दिवसांतली दगदग विरळ हवेचा त्रास वाढवते. आणि आपण काय करतो? गेस्ट हाऊसच्या दुसऱ्या मजल्यावर सामानाच्या चार फेऱ्या. एका रात्रीला लागेल तेवढी एकच बॅग वेगळी भरा, बाकीची खालीच कुलपात ठेवता येते का ते विचारा. भरलेली गाडी आडवी झाली तर ती तशीच उचलू नका. आधी इंजिन बंद करा, सामान सोडा, मग दोघांनी उचला. टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. "एका झटक्यात उचलतो" हा पराक्रम तिथे कमरेलाही महागात पडतो आणि छातीलाही.

निघण्याआधी एक करा. सगळं सामान बांधून ताम्हिणी किंवा माळशेज घाटात जा, एक रात्र तंबूत काढा आणि परत या. ज्या वस्तूंना हातही लागला नाही त्या काढून टाका, औषधं सोडून. मग डोळे मिटून, हेल्मेट-हातमोजे घातलेले असताना, तुमचं तातडीचं औषध किती सेकंदांत हातात येतं ते मोजा. माझ्या मते दहाच्या आत यायला हवं.

ते दम्याचे गृहस्थ गेल्या वर्षी पुन्हा गेले, या वेळी स्पितीला. निघण्याआधी ओपीडीत आले, काही न बोलता छातीवरच्या खिशाची चेन उघडली, इनहेलर दाखवला आणि पाठ फिरवून दाखवली. पाठीवर काही नव्हतं. फिटनेस सर्टिफिकेटवर मी लगेच सही केली.

तुम्हीही जरूर जा. येताना फोटो दाखवायला ओपीडीत या, पण कंबर धरून नको!