वजडी चारशे ऐंशी रुपये

परवा मी गिरणीत जेवून आलो.

गिरणीत म्हणजे गिरणीच्या आवारात. गिरणी १९८२ सालच्या संपातच मेली. मढं तेवढं उभं होतं. आता त्याला रंगरंगोटी केलीय, चिमणीला खालून जांभळे दिवे लावलेत, आणि आत तीन दिवसांचा खाद्यमहोत्सव भरवला होता. नाव मुद्दाम देत नाही. एक तर त्यांची फुकट जाहिरात होईल, आणि दुसरं म्हणजे ही गोष्ट एका गिरणीची नाहीच. गिरणगावात फिरून बघा, फाटकं निराळी, आतला धंदा एकच.

फाटकावर मनगटाला कागदी पट्टा बांधतात. तीनशे रुपये. हे नुसते आत शिरायचे, खायचे वेगळे. माझा बाप याच फाटकावर बदलीच्या पाळीसाठी अंधारात येऊन उभा राहायचा. तेव्हाही आत शिरायला तिकीट लागायचं. फरक एवढाच की तेव्हा तिकीट असलं की मजुरी मिळायची, आता तिकिटाचे पैसे आपण मोजायचे. शहराचा कायापालट म्हणतात तो हा!

माझे तीनशे वाचले. भाचीनं पास दिला होता. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली पोरगी, त्या मेळ्यात तीन दिवस रोजावर होती. म्हणाली, "मामा, एकदा डोळ्यांनी बघून घ्या. मग मला सांगा." काय सांगायचं होतं ते पुढं येईलच.

आत काय होतं? दगडी भिंती तशाच, छपराच्या लोखंडी कैच्या तशाच. सगळं घासूनपुसून चकाचक. खाली ओळीनं गाळे. पाट्या बघाव्यात तर "चुलीवरचं", "गावाकडचं", "आजीच्या हातचं". आजीचं चित्रही होतं. नऊवारी, ठसठशीत कुंकू, हातात पितळी पातेलं. चार गाळ्यांवर तीच आजी. ही आजी कुठल्या आळीतली ते मला पितळेवरून कळलं. आमच्या आजीच्या हातात जर्मनचं डेचकं होतं, तेही पोचे पडलेलं.

एका पाटीवर वजडी होती. चारशे ऐंशी रुपये. पांढऱ्या बशीच्या मधोमध चिमूटभर, वर कोथिंबिरीच्या दोन काड्या. गाळ्यावरचा पोरगा एका जोडप्याला समजावून सांगत होता की आपले जुने लोक किती शहाणे, जनावरातलं काही वाया घालवत नव्हते, हीच खरी पर्यावरणाची जाण.

च्यायला! वाया घालवायला आमच्याकडं होतं काय?

माझी आई खाटकाच्या दाराशी कडेला उभी राहायची. चांगलं मटण सगळं विकून झालं की उरलेली आतडी-वजडी तिच्या पिशवीत पडायची. घरी आणून चुना लावायचा, गरम पाण्यात घालायची, मग खरवडत बसायची. १६० चौरस फुटांची बीडीडी चाळीतली खोली, त्यात आम्ही नऊ माणसं. वास शर्टाला चिकटून शाळेत यायचा. वर्गातली पोरं बाकावर शेजारी बसायची नाहीत. म्हणायची, हा आतडी खातो. मास्तर ऐकायचा आणि फळ्याकडं तोंड करायचा. त्याच पोरांची नातवंडं परवा तिथं बशीचा फोटो काढत होती. आतडी तीच. तोंड बदललं की तिची किंमत बदलते, एवढंच.

आणि तोंडाचीच गोष्ट आहे म्हणून सांगतो. वजडीच्या गाळ्यामागच्या भिंतीवर शोभेला धोटा लावला होता. खरा, लाकडी, टोकाला लोखंड बसवलेला. मी तो काढून हातात घेतला. लगेच सिक्युरिटीवाला पोरगा धावत आला. "काका, हात नका लावू, वर कॅमेरा आहे. माझी नोकरी जाईल." त्याच्या मोबाइलच्या पाठीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मी धोटा परत टांगला. त्याची भाकरी मला घालवायची नव्हती.

पण ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ऐका. धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. अस्पृश्याची थुंकी सवर्णाच्या ओठाला! म्हणून साचेखात्याचं दार आमच्या माणसांना बंद. विणकराला पैसा जास्त मिळायचा, तो आमच्यासाठी नव्हता. आम्ही रिंगखात्यात, कमी पगारावर. कित्येक गिरण्यांत पाण्याचा माठही वेगळा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना नेमका हाच प्रश्न टाकला होता की आमच्या माणसांना विणकामात घेण्याची मागणी तुमच्या यादीत आहे की नाही? लाल बावट्याखाली उभा असलेला कामगारही धोटा तोंडाला लावताना जात विसरत नव्हता. कामगार एकजुटीच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हे आठवावं. आम्ही विसरलेलो नाही.

आमच्या तोंडाला विटाळ मानणाऱ्या त्या शेडमध्ये आज आमच्या तोंडचा घास विकला जातो. धोटा भिंतीवर. मालक खुशीत. इतिहास कुठंय? एकाही पाटीवर नाही.

आणि ही जागा कुणाची, तेही पाटीवर नाही. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेला. तो संप कुणी अधिकृतपणे मागं घेतलाच नाही, माणसंच संपली. कुणी गावाकडं गेला, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणाच्या पोरानं भलती वाट धरली. चाळीचाळीत खाणावळी चालवणाऱ्या बाया उपाशी बसल्या, कारण जेवणारेच उरले नाहीत. (त्या खाणावळीही गावागावाच्या, जातीजातीच्या होत्या. तेही लपवायचं कारण नाही.) मग १९९१ साली नियम झाला की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक हिस्सा सर्वसामान्यांच्या घरांना, उरलेला मालकाला. २००१ साली त्यातच दुरुस्ती करून ठेवली की वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त रिकाम्या जमिनीची. आणि गिरणीत तर शेडच शेड! मैदान आणि घरं दोन्ही चिंधीएवढी झाली. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, २००६ साली मालकांच्या बाजूनं निकाल लागला. घरासाठी कामगार आणि वारस मिळून दीड लाखाच्या आसपास अर्ज पडले. मिळाली थोडक्यांना. बाकीच्यांना २०२४ साली सरकारनं शेलू-वांगणीकडं बोट दाखवलं. घाम परळला गाळायचा आणि घर वांगणीला. परळात काय उरलं? चारशे ऐंशी रुपयांची वजडी.

आता भाचीचं सांगतो.

पुढल्या महिन्यात याच आवारात दुसरा मेळा आहे. तिला त्यात स्वतःचा गाळा हवा होता. भाडं चाळीस हजार. तिच्या आईनं बांगड्या गहाण ठेवल्या. पोरीनं यादी केली. वजडी, रक्ती, चान्या, हुलग्याचं माडगं, उडदाचं घुटं, ज्वारीची भाकरी. आणि वर पाटी, "आमच्या महारवाड्यातलं जेवण". आयोजकांचं उत्तर आलं, मोठं गोड. पदार्थ छान आहेत, तुमची कहाणी छान आहे, पण पाटीवर जात नको. लोक इथं आनंदाला येतात, वातावरण बिघडतं. "रस्टिक डेक्कन" असं लिहा.

पोरीनं मला विचारलं, "मामा, पाटी बदलू का?"

यासाठी तिनं मला पास दिला होता.

आमच्या विहारातले एक म्हातारे वेगळंच म्हणाले. "पाटीचं सोड. बाबासाहेबांनी आपल्याला जे सोडायला लावलं ते तू बाजारात मांडणार? लाज वाटत नाही?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेलं जनावर खाणं बंद करा, शिळंपाकं मागणं बंद करा. आपल्या आया-आज्यांनी ते पाळलं. पोटाला चिमटा घेऊन पाळलं. त्यांचा तो मान आहे. पण नीट बघा, बाबासाहेबांनी काय सोडायला लावलं? ओढून आणलेलं मढं आणि दारात फेकलेला तुकडा. म्हणजे गुलामी. चव नव्हे. ज्वारीच्या भाकरीची आणि स्वतःच्या पैशानं आणलेल्या वजडीची लाज धरा, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. लाज तिला वाटावी, ज्या व्यवस्थेनं माणसाला मेलेल्या ढोरापर्यंत नेलं.

पण म्हाताऱ्यांच्या बोलण्यात एक धोका आहे तो मी मानतो. उपासमारीला परंपरा म्हणायची टूम निघालीय. हुलग्याचं माडगं आम्ही हौसेनं प्यायलो नाही, दुसरं नव्हतं म्हणून प्यायलो. ते विकायचं तर हे सांगून विकायचं. जो गाळा भूक लपवून चव विकतो, तो आमच्या पोरीनं चालवला काय आणि पितळी आजीनं चालवला काय, सारखाच.

आता पांढरपेशे मित्र म्हणतील, कशाला कडवटपणा? अन्न माणसाला जोडतं. जोडतं? मग घर भाड्यानं देताना "तुम्ही नॉनव्हेज खाता का" असं विचारून आडून जात कोण काढतं? २०१७ साली पुण्यात एका बाईनं स्वयंपाकिणीवर पोलिसांत तक्रार केली की हिनं जात लपवून आमचं सोवळं मोडलं. पुण्यात! विद्येच्या माहेरघरात! आणि २०१५ च्या मार्चपासून या राज्यात बैल कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद. गरिबाचं स्वस्त मटण एका सहीनं गुन्हा झालं. बकऱ्याची वजडी महोत्सवात आणि बड्याचं मटण पोलीस ठाण्यात. जोडणारं अन्न हे असं असतं का?

अन्न जोडत नाही. सोबत बसणं जोडतं. आणि सोबत बसायचं तर आधी कोण कुणाला बाकावरून उठवत होतं ते मोठ्यानं बोलावं लागतं. ज्यांना तेवढंही ऐकून घ्यायचं नाही त्यांना आमची वजडी पचणार नाही, कितीही कोथिंबीर टाका.

मी भाचीला सांगितलं, "पोरी, पैसा तुझा, बांगड्या तुझ्या आईच्या. मी आज्ञा करणारा कोण? पण मला विचारशील तर पाटी बदलू नकोस."

ती दोन दिवस बोलली नाही. मग तिनं आयोजकांना कळवलं की पाटी तीच राहील, नाहीतर गाळा नको. गाळा गेला. अनामत रकमेतले पाच हजार कापून बाकी परत आले. बांगड्या अजून सोडवायच्यात. हा तोटा खरा आहे, त्याची शौर्यगाथा करू नका. गरिबाचा स्वाभिमान फुकट नसतो, त्याचं व्याज सोनाराकडं भरावं लागतं.

पण मेळा भरेल त्या शनिवारी संध्याकाळी, त्याच आवाराच्या समोरच्या गल्लीत, आमच्या चाळीच्या ओट्यावर ती शेगडी मांडणार आहे. पाटी तीच. वजडी साठ रुपये. तिकीट नाही, मनगटाला पट्टा नाही. कोण कुठल्या खात्यात होता, कुणाला घर मिळालं, कुणाला नाही, हे लिहायला शेजारी एक वही ठेवणार आहोत. ती वही घेऊन पुढं कुठं जायचं ते तिथंच बसून ठरवू. रिंगखात्यातल्यांनी या. साचेखात्यातल्यांनीही या, पण धोट्याची गोष्ट ऐकायची तयारी ठेवून या. फाटकाच्या आत राबणाऱ्या पोरांनी पाळी सुटली की या. त्या सिक्युरिटीवाल्या पोराला मी सांगून ठेवलंय, त्याच्याकडून पैसे घेणार नाही.

आणि येताना भुकेनं या. भाषणं नंतर.

जय भीम.