पाय धुण्याचा गुरुवार

केंद्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत गुड फ्रायडे दरवर्षी असतो. त्याच्या आदल्या दिवशीचा गुरुवार त्या यादीत नसतो. दिल्लीजवळच्या मानेसरसारख्या औद्योगिक गावी निरनिराळ्या राज्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे शेजारी-शेजारी नांदतात. तेथे शुक्रवारी शेजारचे ख्रिस्ती कुटुंब चर्चला का गेले, हे बहुतेकांस ठाऊक असते. पण आदल्या संध्याकाळीही ती मंडळी कामावरून परतताच घाईघाईने कोठे निघाली, हे थोड्यांनाच सांगता येईल. केरळात मात्र ह्या गुरुवारी राज्य सरकारची सुट्टी असते. तेथील सिरियन ख्रिस्ती घरांत त्या रात्री कुटुंबप्रमुख बिनखमिराची भाकरी मोडून लहानथोरांस वाटतो. मराठी ख्रिस्ती समाज ह्या दिवसास ‘पवित्र गुरुवार’ म्हणतो. इंग्रजीत त्याला ‘मॉण्डी थर्सडे’ असे नाव आहे. त्यातील ‘मॉण्डी’ हा शब्द लॅटिन ‘मांदातुम’ ह्यापासून आला असून त्याचा अर्थ आज्ञा असा आहे.

ही आज्ञा कोणती, हे समजण्यासाठी येशूच्या अखेरच्या भोजनाकडे वळले पाहिजे. मत्तय, मार्क आणि लूक ह्या तिन्ही शुभवर्तमानांत त्या रात्रीच्या भाकरीची आणि द्राक्षरसाच्या प्याल्याची हकीकत येते. योहानाच्या शुभवर्तमानात त्या जागी एक वेगळाच प्रसंग आहे. भोजन चालू असताना येशू उठला, त्याने अंगावरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला पंचा बांधला, भांड्यात पाणी ओतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन ते पंचाने पुसले. त्यानंतर, मी जसे केले तसे तुम्हीही एकमेकांचे करा, ह्या अर्थाचे त्याने सांगितले आणि एकमेकांवर प्रीती करण्याची नवी आज्ञा दिली. दुसऱ्या दिवशी त्याला क्रूसावर चढविण्यात आले.

त्या देशी धुळीच्या वाटा तुडवून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे घरातील सर्वांत खालच्या चाकराचे काम समजत. आपल्याकडे पाय धुण्याला पूजेचे स्थान आहे. पाद्य हा षोडशोपचारांपैकी एक उपचार होय. लग्नात वधूपिता वराचे पाय धुतो, शिष्य गुरूचे धुतो, यजमान अतिथीचे धुतो. ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे : ज्याचा मान मोठा, त्याचे पाय धुवावयाचे. पाणी उताराकडे वाहते, मान मात्र नेहमी चढाकडे जातो. त्या रात्री गुरूनेच शिष्यांपुढे गुडघे टेकले आणि मानाचा हा प्रवाह उलट फिरविला.

असे उलट वाहणे आपल्या परंपरेला अगदीच अनोळखी आहे, असे मात्र नाही. राजसूय यज्ञात ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम श्रीकृष्णाने आपणहून पत्करले, असे महाभारताच्या सभापर्वात आहे. द्वारकेत त्याने सुदाम्याचे मळलेले पाय धुतले, ही कथा भागवताने घरोघर पोहोचविली. पैठणास एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहत होता, अशी श्रद्धा वारकरी आजही जपतात. मोठ्याने लहान होऊन दाखविणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने अशा कथांतून ऐकले आहे, त्याला पवित्र गुरुवारचा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही.

ख्रिस्ताची कथा मराठीत आली तीही पुराण होऊनच. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. त्यासाठी रोमन खिळे वापरावे लागले, परंतु भाषा मराठी आणि छंद ओवीचा. पुढे १६५९ साली फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश ह्यांचे दुसरे पुराण लिस्बनला छापले गेले. ते उत्तर कोकणच्या बोलीत असून त्याचा विषयच मुळी ख्रिस्ताचे दुःखसहन व मृत्यू हा आहे. वसई आणि मुंबईच्या आसपासच्या ख्रिस्ती कुटुंबांत उपवासकाळी ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. १९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या आणि वसईच्या वेदींवरही मराठी बोलू लागली.

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत कॅथलिक धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. त्यानंतर वेदीवरील वस्त्रे उतरवून ती उघडी ठेवतात. त्या प्रार्थनेत वाजलेल्या घंटा पुढे ईस्टरच्या जागरणापर्यंत मुक्या राहतात आणि भाविक रात्री शांतपणे प्रार्थनेस बसतात.

परंतु कोणताही विधी कालांतराने नुसता उपचार होऊन बसण्याचा धोका असतोच. इंग्लंडचे राजे पूर्वी ह्या दिवशी गोरगरिबांचे पाय धूत. सोळाव्या शतकात राणी पहिली एलिझाबेथ हा विधी करी, तेव्हा तिच्या आधी धुलाईखात्याचे सेवक आणि दानाधिकारी ते पाय धुऊन स्वच्छ करीत. मग राणीचा हात लागे! पुढे पाय धुणे बंद पडले. आज तेथे राजाच्या हस्ते वृद्ध स्त्रीपुरुषांना खास पाडलेली नाणी वाटली जातात आणि त्या नाण्यांची एकूण किंमत राजाच्या वयाइतके पेन्स असते. हे दान सुंदर आहे, ह्यात शंका नाही. तथापि नाणे देणाऱ्याला वाकावे लागत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्याच काळातील आहे. कॅथलिक विधिनियमांप्रमाणे ज्यांचे पाय धुवावयाचे ते पुरुषच असत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ साली रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलांबरोबर मुलींचेही पाय धुतले आणि जानेवारी २०१६ मध्ये नियम बदलून स्त्रियांचा रीतसर समावेश केला. त्याच वर्षीच्या पवित्र गुरुवारी त्यांनी रोमजवळच्या निर्वासितांच्या केंद्रात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुसलमान होते आणि भारतातील एक हिंदूही होता. १७ एप्रिल २०२५ रोजी ते आजारातून पुरते उठलेले नव्हते, तरी रोमच्या तुरुंगातील कैद्यांना भेटावयास गेले आणि ह्या वर्षी मला पाय धुता येत नाहीत, अशी खंत त्यांनी बोलून दाखविली. चारच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

आपल्या महाराष्ट्रात ह्या आज्ञेचा अर्थ पाहावयाचा तर पंडिता रमाबाईंच्या केडगावी जावे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या तरुण स्त्रीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या देऊन गौरविले, त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या आणि ‘मुक्ती’मध्ये त्यांना आश्रय, शिक्षण व उद्योग दिला. संस्कृत मुखोद्गत असलेल्या ह्या विदुषीने मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा साध्या भाषेत. १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम त्यांनी हातावेगळे केले. पंडितेने भाषेतही वाकावे, ह्याहून मोठी नम्रता कोणती?

ह्या प्रसंगातील आणखी दोन गोष्टी सहसा ध्यानात येत नाहीत. पहिली पेत्राची. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसवेना आणि त्याने प्रथम साफ नकार दिला. सेवा करणे जितके कठीण, तितकेच ती मोकळ्या मनाने स्वीकारणेही कठीण असते. जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेली आई आजारपणात सुनेच्या हातचे पाणी घ्यावयास संकोचते, तेव्हा तिची अडचण पेत्राचीच असते. दुसरी गोष्ट यहूदाची. योहानाच्या कथनानुसार गुरूला पकडून देणारा यहूदा पाय धुऊन झाल्यावरच बाहेर पडला. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले होते, आणि तो काय करणार हे ठाऊक असतानाच.

म्हणूनच ह्या गुरुवारास सुट्टी नाही, ह्याचे फारसे वाईट वाटू नये. तो मुळी कामाचाच दिवस आहे. आपल्या घरात भांडी घासणारी बाई, इस्पितळात रुग्णाचे अंग पुसणारी परिचारिका, जिन्याची झाडलोट करणारा माणूस हे सारे वर्षभर तेच काम करतात, जे त्या रात्री एका गुरूने कमरेला पंचा बांधून केले. ते काम हलके आहे, असे मग कोणत्या तोंडाने म्हणावे? शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबास शुक्रवारी भेटाल तेव्हा आदल्या संध्याकाळविषयीही अवश्य विचारा. आणि घरी परतल्यावर, ज्या हातांनी आपले घर स्वच्छ राहते त्यांना आपण कोणत्या शब्दांनी हाक मारतो, इकडेही थोडे लक्ष द्यावे.