एका अर्काची दोन रीडिंगं

माती परीक्षण प्रयोगशाळेत ‘तुमची रिपीटेबिलिटी किती?’ असं विचारलं की बहुधा एक रजिस्टर पुढे येतं. त्यात एकाच अर्काची स्पेक्ट्रोफोटोमीटरवर लागोपाठ घेतलेली रीडिंगं असतात आणि ती तंतोतंत जुळतात. जुळणारच! त्यावरून यंत्र धड आहे एवढं समजतं. परीक्षणाबद्दल ते रजिस्टर काहीच बोलत नाही.

उपलब्ध स्फुरदाची ओल्सेन पद्धत घ्या. 1954 पासून ती चालत आली आहे. अडीच ग्रॅम माती, 50 मि.लि. अर्धा मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू 8.5, शेकरवर अर्धा तास. कागदावर सगळं सोपं. पण पिशवीतून माती घेताना वरचे बारीक खडे आले की तळाची भुकटी? घाईच्या दिवसांत काट्याऐवजी मापाचा चमचा चालतो. बायकार्बोनेट उघडं राहिलं की त्याचा सामू चढतो. रंग काढण्यासाठी घातलेल्या कोळशातच स्फुरद असेल, तर ते फक्त ब्लँक सांगतो, आणि तोही लावला तर. शिवाय तापमान आहेच. मे महिन्यातली अकोल्याची खोली आणि पुण्यातली एसी खोली यांत एकाच मातीतून सारखा स्फुरद उतरत नाही. हे सगळं रीडिंगच्या आधी घडून गेलेलं असतं. म्हणून पुनरावृत्ती करायची ती पिशवीपासून.

अनेक प्रयोगशाळांनी मिळून असा अभ्यास करायचा, तर आयएसओ 5725 ची चौकट हाताशी आहे. आमच्या मते निम्मं यश माती तयार करण्यात आहे. कमी स्फुरदाची, जास्त स्फुरदाची, चुनखडीयुक्त, भारी काळी अशा पाच-सहा माती घ्याव्यात. त्या वाळवून, 2 मि.मी. चाळणीतून काढून, नीट मिसळून पुड्या बांधाव्यात. पुड्या पाठवण्याआधी त्यांतल्या दहा उचलून प्रत्येकीची दोनदा तपासणी करावी. पुड्यांतच फरक असेल, तर पुढे त्याचं खापर प्रयोगशाळांवर फुटेल. प्रत्येक प्रयोगशाळेला एकाच मातीच्या दोन पुड्या जाव्यात, पण वेगवेगळ्या सांकेतिक क्रमांकांच्या. जोडी ओळखता आली की दुसरा आकडा पहिल्याकडे बघून लिहिला जातो. यात लबाडी असतेच असं नाही, हात आपोआप तसा वळतो. शेतकऱ्यांच्या नमुन्यांच्या रांगेतच त्या तपासाव्यात. खास तंत्रज्ञ बसवून, खास नवं द्रावण करून काढलेला आकडा कुणाच्याही रोजच्या कामाचा नसतो. सहभागी प्रयोगशाळा आठ तरी हव्यात. तीन-चारांवरून काढलेली रिप्रोड्युसिबिलिटी, म्हणजे वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल किती जुळतात ते, हा निव्वळ अंदाज.

आता आकड्यांकडे. एकाच प्रयोगशाळेतलं प्रमाण विचलन 0.3 पीपीएम निघालं असं धरू. त्याला 2.8 ने गुणलं की 0.84. म्हणजे काहीही न चुकता त्याच मातीच्या दोन निकालांत एवढा फरक पडू शकतो. त्याहून मोठा फरक वीसांत एखादेवेळीच. मग 4.2 आणि 4.7 पीपीएम हे दोन्ही निकाल बरोबर ठरतात. पण 2.24 ने गुणून हेक्टरी किलो केले की 9.4 आणि 10.5. दहाच्या रेषेच्या एक अलीकडे, एक पलीकडे. शेतकऱ्याच्या माती आरोग्य पत्रिकेवर एकदा ‘कमी’ छापलं जातं, एकदा ‘मध्यम’, आणि खताची मात्रा बदलते. आणि ही झाली एकाच छताखालची गोष्ट. दोन प्रयोगशाळांमधला फरक वर्गाने त्यात मिळवला की पट्टा आणखी रुंदावतो.

एखादी प्रयोगशाळा फारच वेगळी निघाली की कॉक्रन किंवा ग्रब्ज चाचणी लावून तिला वगळून मोकळं होण्याची सवय आम्हाला पटत नाही. वगळण्याआधी फोन करावा. सगळ्याच मातींत तिचे आकडे चढे असतील, तर स्टँडर्ड किंवा शेकरची वेळ तपासावी. जोडीच जुळत नसेल, तर वजनापासून सुरुवात करावी. फक्त चुनखडीच्या मातीत बिनसत असेल, तर बायकार्बोनेटची बाटली आधी बघावी. कारण सापडलं तर ते अहवालात लिहावं. सापडलं नाही, तर सरासरी त्या प्रयोगशाळेसह आणि तिच्याविना, दोन्ही छापाव्यात.

एनएबीएल मानांकनासाठी कागद लागतात म्हणून हा खटाटोप एकदाच उरकायचा असेल, तर हिवाळा सोयीचा. आकडे देखणे येतील. आमची सूचना मात्र अशी, की त्याच मातीच्या पुड्या एकदा जानेवारीत आणि एकदा मेमध्ये द्याव्यात, आणि प्रत्येक निकालासमोर शेकरच्या खोलीचं तापमान लिहून घ्यावं.