फायर आणि नारळ

'फायर म्हणजे विस्तव' असं शाळेत घोकून घेतात आणि पोरांच्या इंग्रजीवर तिथेच पाणी पडतं. एका शब्दाला एक अर्थ, असा हा रोखीचा व्यवहार! अहो, शब्दांची खाती अशी चालत नाहीत.

आता आमच्या बँकेतलंच बघा ना. बोरिवली लोकल चुकून उशिरा आलेला कारकून दुपारी सांगतो, "साहेबांनी आज जाम फायर केलं!" आणि शांतपणे डबा उघडतो. हेच एखाद्या इंग्रजाने ऐकलं, तर बिचारा त्याच्या बायकामुलांची चौकशी करील. कारण त्याच्याकडे फायर करणं म्हणजे नोकरीवरून काढणं. आमच्याकडे नुसतं झापणं. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. सरकारी बँकेत आमचं फायर रोजचं, इंग्रजाचं क्वचित. पण अंधेरीला सीप्झमध्ये चिकटलेल्या पोराला इंग्रजाचाच अर्थ भोवतो. आणि तोच पोरगा गाणं आवडलं की म्हणतो, "एकदम फायर!"

मास्तर म्हणतात, लाक्षणिक अर्थ नंतर, जमलं तर. का म्हणून? तो काय चैनीचा माल आहे? पोटापाण्याचा आहे तो! शिवाय मराठी पोराला हे काही नवीन नाही. त्याचा बाप आग पाखडतो, शेजारीण काड्या लावते, आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून चाळीत कुणी बंब बोलावतं का? बंबाचं तर विचारूच नका. न्हाणीघरातला विस्तव पोटात घेऊन बसतो, रस्त्यावरचा विझवायला धावतो. आमचा कुणीही गोंधळत नाही.

मूळ अर्थाला मी कमी लेखत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. तिथे फायर म्हणजे आगच. अलंकाराची मस्करी नको.

पण म्हणूनच दोन्ही अर्थ शेजारी शेजारी शिकवा. इंग्रज माणसाला कामावरून काढताना जाळतो, आपण त्याला नारळ देतो. पुस्तकात फायरपुढे 'विस्तव' छापा, त्याखाली 'नारळ'ही छापा. म्हणजे साहेबाच्या केबिनमधून बाहेर पडताना डबा उघडायचा की कपाळाला हात लावायचा, एवढं तरी पोराला कळेल.