मांजराची घाण काढायला पंचेचाळीस हजारांचं यंत्र?



यावेळचा विषय वाचून काहीजणी नाक मुरडतील. जैनाच्या घरात मांजर, त्यात मांजराची घाण आणि वर त्यावर लेख! पण आमच्या स्वाध्यायाला येणाऱ्या बायकांपैकी तिघींच्या घरी गेल्या दोन वर्षांत मांजर आलंय. एक नातीनं हट्टानं आणलेलं, दोन जिन्यात पावसात भिजत बसलेली. आणि मांजराची शी-शू आपोआप साफ करणारं यंत्र घ्यावं का, हा प्रश्न मला आतापर्यंत चौघींनी विचारलाय. मी बी.कॉम. आहे म्हणून घरातल्या-बाहेरच्या सगळ्या खरेदीचा हिशेब माझ्याकडे येतो. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. घरात एकच मांजर असेल आणि दिवसातून दोनदा त्याच्या ट्रेपर्यंत जाणारं कुणी असेल, तर हे यंत्र घेऊ नये.

आधी दुसऱ्या शंकेचं बोलते, कारण ती पहिल्याच प्रतिक्रियेत येणार. आपल्या श्रावकाचारात मांजर-कुत्र्यासारखे शिकारी प्राणी पाळण्याबद्दल सावध केलेलं आहे, आणि मांजराला मांसाहाराशिवाय पोसणं सोपं नाही. टॉरिन नावाचं द्रव्य आहारात कमी पडलं तर त्याचे डोळे आणि हृदय बिघडतं. म्हणून मुद्दाम विकत आणून मांजर पाळू नये या मताची मी आहे. पण जे दारात आलं, सहा वर्षं आपल्या हातचं खाऊन राहिलं, त्याला पुन्हा रस्त्यावर सोडणं मला पटत नाही. हा लेख त्या मांजरांपुरता आहे.

चौघींमध्ये सगळ्यात निकडीनं विचारलं ते माझ्या नणंदबाईंनी. त्या सांगलीला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, वय ७१. सोबतीला सोन्या नावाचा बोका. फोनवर म्हणाल्या, "वहिनी, गुडघ्यामुळं आता खाली बसवत नाही. मशीन घेतलं नाही तर सोन्याला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल. आणि एवढ्या मोठ्या बोक्याला कोण घेणार?" भाचा बंगळुरूहून पैसे पाठवायला तयारच होता. शिवाय त्यांना दहा दिवस सम्मेद शिखरजीच्या यात्रेला जायचं होतं. यंत्र असलं की तेवढे दिवस बोका आपला आपण राहील, असं दोघांनी धरलेलं.

आता हे यंत्र काय करतं ते बघू. साध्या ट्रेमध्ये जे लिटर असतं ती बहुधा बेंटोनाइट माती. आपल्याकडे ती कच्छमध्ये पुष्कळ निघते. ओल लागली की तिचा घट्ट गोळा होतो, आणि तो आपण झाऱ्यासारख्या चमच्यानं उचलतो. मांजरासाठी अशी माती वापरायची पद्धत अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लोव यांनी सुरू केली. त्यांची माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचाच प्रकार होता. तोवर लोक राख नाहीतर वाळू वापरत. यंत्रात हीच माती एका पिंपात असते. मांजर आत गेलेलं आणि बाहेर आलेलं सेन्सरला कळतं. काही मिनिटं थांबून पिंप फिरतं, माती चाळली जाते आणि गोळे खालच्या कप्प्यात पडतात. तो कप्पा आठवड्याला किंवा तसाच भरला की आपणच रिकामा करायचा.

म्हणजे यंत्र घाण घराबाहेर नेत नाही, एका बंद कप्प्यात साठवून ठेवतं. हिशेब करताना हे विसरायचं नाही.

हिशेब असा. भाच्यानं निवडलेलं यंत्र ४५,००० रुपयांचं होतं. आयुष्य ५ वर्षं धरलं तर घसारा वर्षाला ९,०००. कप्प्याच्या पिशव्या, वासाचे फिल्टर, किरकोळ दुरुस्ती मिळून ३,००० धरा. झाले वर्षाला १२,०००. मातीचा खर्च दोन्हीकडे आहेच, म्हणून तो गाळला. वीज नगण्य.

आता वाचणारा वेळ. ट्रे दिवसातून दोनदा साफ करायला दोन-दोन मिनिटं, म्हणजे वर्षाला १,४६० मिनिटं. महिन्यातून एकदा ट्रे धुवायला १५ मिनिटं, त्याची १८०. एकूण १,६४०. यंत्राचा कप्पा आठवड्याला रिकामा करायला ५ मिनिटं, वर्षाची २६०. महिन्यातून एकदा पिंप काढून, धुऊन, वाळवून परत बसवायला ४० मिनिटं, त्याची ४८०. एकूण ७४०. वाचली ९०० मिनिटं, म्हणजे वर्षाला १५ तास. १२,००० भागिले १५, तासाला ८०० रुपये. ज्या बाईला घरात तासाचे ८०० रुपये कुणी कधी दिले नाहीत, तिनं हा आकडा दोनदा वाचावा.

पण पैसा परवडणाऱ्या घरीही माझं मत बदलत नाही, कारण खरी अडचण पुढेच आहे.

आपल्या पाच समितींमधली शेवटची प्रतिष्ठापना समिती. मुनी मलमूत्र विसर्जनाआधी जागा निरखून, निर्जंतुक आहे ना हे पाहूनच विसर्जन करतात. हा नियम मुनींचा, आपण गृहस्थ. पण घाण टाकायची ती बघून, जीव सांभाळून, एवढं तर आपण त्यातून घेऊ शकतो. आठवडाभर साठलेला ओला मळ, त्यात श्रावण-भाद्रपदाची दमट हवा. माशा, अळ्या व्हायला आणखी काय लागतं? सकाळ-संध्याकाळ काढून टाकलेल्या ट्रेमध्ये त्या व्हायला वेळच मिळत नाही.

दुसरं म्हणजे, रोज ट्रे साफ करणाऱ्या बाईला मांजराची प्रकृती न सांगता कळते. गोळे किती, केवढे, शी घट्ट की पातळ, रक्त तर नाही. बोक्यांना लघवी तुंबण्याचा आजार होतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, पण ट्रे कोरडाच राहतो. अशा वेळी एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं लागतं. आमच्या इमारतीतल्या एका सुनेनं सकाळी ट्रेमध्ये एकही गोळा दिसला नाही म्हणून लगेच बोक्याला उचलून नेलं, आणि तो वाचला. काही महागड्या यंत्रांत मांजर किती वेळा आत गेलं, वजन किती, हे मोबाईलवर येतं. ते उपयोगाचं आहे, पण मोबाईल उघडून बघणारं कुणीतरी लागतंच. माझ्या नणंदबाईंचा फोन निम्मा दिवस चार्जिंगला असतो.

म्हणून दहा दिवसांच्या यात्रेचा बेत मला मुळीच मान्य नव्हता. यंत्र माती चाळेल, पण पाण्याचं भांडं उपडं झालं तर भरणार नाही. वीज गेली आणि पिंप अर्धवट फिरून थांबलं तर बोक्याला आत जायला वाट राहत नाही. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत प्राण्याला बांधून ठेवणं आणि त्याचं अन्नपाणी रोखणं हे दोन्ही आहेत. कुलूपबंद घरात यंत्राच्या भरवशावर ठेवलेल्या मुक्या जीवाचं काही झालं, तर तीर्थावर बसून आपल्याला कळणारही नाही.

हे सगळं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते खरं गं, पण माझ्या गुडघ्यांचं काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून मग आधी ट्रेच उचलायचं ठरवलं. त्यांच्याकडं जुन्या शिलाई मशीनचं टेबल पडून होतं. त्यावर मोठा ट्रे ठेवला, शेजारी बोक्याला पायरी म्हणून स्टूल. सोन्या धडधाकट आहे, दुसऱ्याच दिवशी चढायला लागला. नणंदबाई आता खुर्ची ओढून बसतात आणि तांदूळ निवडावेत तशी माती चाळतात. यात्रेच्या दिवसांत खालच्या मजल्यावरची कॉलेजला जाणारी मुलगी दोन वेळा येऊन बघणार आहे. तिला त्याचे पैसे द्यायचे ठरलेत, फुकटची अपेक्षा नाही. म्हाताऱ्या, सांधे आखडलेल्या मांजराला मात्र हा उपाय चालणार नाही, त्याला बुटका ट्रेच लागतो. यंत्राचं तोंड उंचावर असल्यानं तेही त्याला जमत नाही.

मग यंत्र कुणी घ्यावं? ज्यांच्या हातात चमचा धरायची ताकद नाही, ज्या घरात तीन-चार मांजरं आहेत, किंवा सगळेच बारा-बारा तास कामावर असतात, त्यांनी जरूर विचार करावा. घरात गर्भवती सून असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची बाधा होऊ शकते आणि ती पोटातल्या बाळाला घातक आहे. हा जंतू विष्ठा पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांनी बाधा करण्याजोगा होतो. म्हणून रोजची सफाई चांगली, पण ती दुसऱ्या कुणी करावी. यंत्राचा आठवड्याचा कप्पा तर तिनं मुळीच हाताळू नये.

घ्यायचंच ठरलं तर मांजर आत असताना किंवा डोकं घातलं तरी पिंप जागच्या जागी थांबतं का, हे स्वतः हात घालून नव्हे, बाहुली ठेवून तपासा. फिरणारा भाग आणि तोंड यांच्यात मान अडकेल अशी फट नको. साधारण दीड किलोच्या आतलं पिल्लू सेन्सरला कळेलच असं नाही, त्याच्यासाठी आपोआप फिरणं बंद ठेवा. सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, ते दुकानदाराकडून लिहून घ्या. आणि जुना ट्रे निदान महिनाभर शेजारीच राहू द्या. आवाजाला घाबरून मांजर यंत्रात गेलंच नाही, तर ते सोफ्यामागं जाईल.

यंत्र असो वा ट्रे, ही माती संडासात टाकू नका. ती फुगते आणि पाइप तुंबतो. तुळशीच्या कुंडीत किंवा भाजीच्या वाफ्यातही नको. कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून रोजच्या कचऱ्यात द्या, आणि कचरा उचलणाऱ्या ताईला आत काय आहे ते सांगा.

भाच्याला मी म्हटलं, तुझे ४५,००० राहू देत, त्यातून दरवर्षी सोन्याची तपासणी कर. तो "बरं मामी" म्हणाला. यंत्र मात्र त्यानं मोबाईलवर अजून जपून ठेवलंय, सेल लागेल म्हणून. तुमच्याकडं कुणी घेतलं असेल तर किती महिने वापरलं ते जरूर कळवा.