घड्याळ बरोबर, फाइल बंद!

जानेवारीअखेर. आमच्या लेखा विभागातल्या बाईंचा संगणक नुकताच दुरुस्त होऊन आला होता. सकाळी १० वाजता त्यावर आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले. दुरुस्तीवाल्या मुलाने घड्याळ पुढे सरकवून १० वाजवले, आणि सर्व्हरवरचे पगारपत्रक उघडेनासे झाले. सर्व्हरच्या व या संगणकाच्या वेळेत फरक आहे, असे पडद्यावर उत्तर. काही वेळाने घड्याळ आपोआप पुन्हा आदल्या रात्रीवर गेले नि फाइल उघडली! "याला नजर लागलीय," बाई म्हणाल्या.

नजर नव्हे, टाइम झोन. विंडोज नव्याने भरताना त्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ राहून गेली होती. हिवाळ्यात ती आपल्यामागे साडेतेरा तास. संगणक आणि सर्व्हर आपसात बोलतात ते मात्र जागतिक प्रमाणवेळेत. ती आतून बरोबरच होती. पडद्यावरचे आकडे 'सुधारले' तेव्हाच ती बिघडली.

कार्यालयातले संगणक एका डोमेनमध्ये जोडलेले असतात, तिथे ओळख पटवण्याचे काम कर्बेरॉस ही पद्धत करते. ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे हे नाव. हा राखणदार प्रत्येक विनंतीवरची वेळ तपासतो. कुणी जुनी विनंती चोरून पुन्हा दाखवू नये म्हणून. ५ मिनिटांहून अधिक तफावत दिसली, की दार बंद. (ही मर्यादा बदलता येते, पण कशाला बदलावी?)

डोमेनमधला संगणक वेळ विचारतो आपल्या डोमेन कंट्रोलरला. कंट्रोलर विचारतात पीडीसी एम्युलेटर या थोरल्या कंट्रोलरला. बाहेरच्या खात्रीच्या घड्याळाशी जोडायचा तो फक्त हा थोरला. आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ राखते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा.

तेव्हा आधी टाइम झोन पाहावा: +५.३० हवा. मग अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून, रोमन अक्षरांत, 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स' अशी आज्ञा द्यावी. उत्तरात कंट्रोलरचे नाव आले तर ठीक. 'लोकल सीएमओएस क्लॉक' आले, तर संगणक कुणालाच न विचारता स्वतःच्या अंदाजाने चालला आहे. अशा वेळी 'डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:डोमहायर /अपडेट' ही आज्ञा द्यावी, 'विंडोज टाइम' ही सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी आणि शेवटी 'डब्ल्यू३२टीएम /रिसिंक'. तरीही जुळेना, तर फायरवॉलने यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट अडवला आहे का, ते संगणक विभागाला विचारावे.

दर सकाळी तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मात्र आज्ञा टाइप करत बसू नये. मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत ती सीआर२०३२, ३ व्होल्टची असते; मनगटी घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळते.