सासूची पिशवी, सुनेची गोळी

17 मे, जागतिक उच्च रक्तदाब दिन. मौदा तालुक्यातल्या एका गावात त्यानिमित्त बीपी तपासणी शिबिर होतं. समाजमंदिरात एक कूलर, दोन टेबलं, बाहेर ओसरीत बायकांची रांग. सकाळी नऊपासून मी एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. मशीनचा पट्टा झंपराच्या बाहीवरूनच गुंडाळला जात होता. बाहीबद्दल या सदरात माझं पुष्कळ लिहून झालं आहे. आज विषय दुसरा आहे.

साडेअकराच्या सुमारास सासू-सून आल्या. दोघी मिरचीच्या सातऱ्यावरून थेट आलेल्या. देठं खुडून खुडून बोटं तांबूस झालेली, आणि त्या शेजारी बसताच माझ्या नाकाला झोंबलं. सासू पन्नाशीच्या आतबाहेरची. तिचं बीपी भरलं 158 आणि 96. टेबलावरच्या मुलीनं ते वहीत उतरवलं आणि म्हणाली, "काकू, वयाप्रमाणं होतेच. मीठ कमी करा." सुनेला तर खुर्चीवर बसवलंसुद्धा नाही. "तुमचं काय वय आहे वहिनी, तुमाले कायचं बीपी?" सून हसली, पदरानं घाम पुसला आणि सासूला घेऊन बाहेर गेली.

मी मागोमाग गेले. कडुनिंबाखाली बसून पाच मिनिटं बोललो असू. सून दोन वर्षांपासून माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेते. डोकं दुखतं, पण ते उन्हानं, असं तिचं म्हणणं. सासूची पिशवी काढून अकरा वर्षं झाली, "पोरगा नववीत होता तवा." माझं मशीन सोबत होतं. सुनेचा दंड उघडा करून, पाठ टेकवून, पाच मिनिटं गप्प बसवून बीपी पाहिलं: 146 आणि 94. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं: 144 आणि 92. गेली दोन वर्षं हे पाकीट तिला दर महिन्याला मिळतंय आणि एकदाही कुणी तिच्या दंडाला पट्टा बांधलेला नाही.

या दोघींचं दुखणं एकाच धाग्यानं बांधलेलं आहे आणि शिबिरात तोच धागा कुणी उचलला नाही, म्हणून हा लेख. त्या धाग्याचं नाव इस्ट्रोजेन.

सासूच्या अंगात जे अकरा वर्षांपूर्वी आटलं, तेच सून रोज रात्री पाण्याबरोबर गिळते. मग एकीचं बीपी ते नाही म्हणून वाढावं आणि दुसरीचं ते आहे म्हणून वाढावं, हे कसं? मला हा प्रश्न समजायला बरीच वर्षं लागली. उत्तर आहे वाटेत. कोणतं इस्ट्रोजेन, आणि ते कुठून कुठे जातं, यात.

अंडाशयातून निघणारं इस्ट्रॅडिऑल सरळ रक्तात मिसळतं आणि अंगभर धमन्यांच्या आतल्या अस्तरापाशी पोचतं. त्या अस्तराच्या पेशी त्याच्या स्पर्शानं नायट्रिक ऑक्साइड सोडतात. या वायूनं धमनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते, दाब उतरतो. (नायट्रिक ऑक्साइडचं हे काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं.) त्याशिवाय किडनी आणि यकृत मिळून धमन्या आवळणारं, मीठ-पाणी धरून ठेवणारं जे द्रव्य तयार करतात, त्या अँजिओटेन्सिनचा जोरही हे इस्ट्रॅडिऑल कमी करतं. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईचं बीपी तिच्या वयाच्या पुरुषापेक्षा सहसा कमी असतं, आणि पाळी गेल्यावरच्या वर्षांत ते त्याला गाठतं. वय, वजन, झोप यांचाही त्यात वाटा असतो. पण इस्ट्रोजेनचा हात निघालेला असतो, हे विसरून चालत नाही.

आता सुनेची गोळी. माला-एनमध्ये 30 मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. हे माणसानं बनवलेलं इस्ट्रोजेन, मुद्दामच लवकर न मोडणारं. ते पोटातून आधी यकृतात जातं, अंगात नंतर. आपल्याकडचा शेतकरी हे चटकन ओळखेल: पेंचचं पाणी पाटानं ज्याच्या त्याच्या बांधीत थेट येणं वेगळं आणि सगळं पाणी आधी एकाच बांधीत कोंडणं वेगळं. यकृतात इस्ट्रोजेनचा असा लोट आला की यकृत अँजिओटेन्सिनोजेन जास्त तयार करायला लागतं, म्हणजे त्याच धमन्या आवळणाऱ्या द्रव्याचा कच्चा माल. बहुतेक जणींच्या बीपीत यानं दोन-चार अंकांचाच फरक पडतो. थोड्या जणी मात्र 140 आणि 90 ची रेघ ओलांडतात, आणि त्यातली एक मला कडुनिंबाखाली सापडली. गोळी बंद केली की काही महिन्यांत दाब बहुधा उतरतो.

ही काही नवी गोष्ट नाही. न्यूयॉर्कचे जॉन लाराघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 सालीच गोळी, रेनिन (अँजिओटेन्सिन तयार करण्यातला किडनीचा वाटा) आणि वाढलेलं बीपी यांचा संबंध दाखवून दिला होता. तेव्हाच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आजच्या कितीतरी पट असायचं. प्रमाण उतरलं, पण नियम तोच राहिला: माला-एनसारखी एकत्रित गोळी देण्याआधी बीपी पाहायचं, आणि 140-90 च्या वर असेल तर दुसरा उपाय द्यायचा. दुसरा उपाय आपल्या सरकारी दवाखान्यातच फुकट मिळतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली 'छाया' ही गोळी आहे. तिच्यात एथिनिल इस्ट्रॅडिऑल नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची. तांबी आहे. हे वाचून कुणी घाबरून गोळी परस्पर सोडू नये. बीपी पाहून घ्या, जास्त निघालं तर बदलून मागा. नको असलेल्या गर्भारपणात बीपी चढलं तर ते या गोळीपेक्षा फार वाईट.

पाळी गेलेल्या बाईला मग इस्ट्रोजेनची गोळी देऊन बीपी उतरवता येईल का, असं एका वाचक ताईंनी मागे विचारलं होतं. नाही. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत, जिचा एक भाग 2002 साली मध्येच थांबवावा लागला, हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांचं वरचं बीपी एखाद-दीड अंकानं वाढलेलंच दिसलं. तीही तोंडानं घ्यायची गोळी होती. वाट तीच, यकृतातून.

सासूकडे परत येते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेला आकडा होता: पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. सहातली एक. तेव्हा चर्चा झाली ती दवाखान्यांच्या लुटीची, मुकादमाच्या दंडाची, बुडालेल्या मजुरीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायकांच्या बीपीचं पुढे काय झालं, हे विचारलं गेल्याचं माझ्या वाचनात नाही. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, अंडाशय काम करत राहतात, जरी काही वर्षं आधीच थकत असले तरी. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर पस्तिशीतली बाई एका रात्रीत साठीच्या बाईच्या जागी जाऊन बसते. अंडाशय काढलेल्या बाईचं बीपी मिठाला आधीपेक्षा जास्त बधतं, हेही दिसून आलंय. म्हणजे टेबलावरच्या मुलीचा मिठाचा सल्ला बरोबरच होता. पण "वयाप्रमाणं" हे कारण चूक होतं, आणि कारण चुकलं की पुढची तपासणी चुकते.

माझं जुनं म्हणणं इथेही लागू आहे: विदर्भात बीपीची शिबिरं मे महिन्यात घेऊ नका. उन्हाळ्यात बीपी उतरतं, थंडीत चढतं. मेच्या दुपारी ज्या बाईचं 134 भरतं, तिचं धान घरात आल्यावर डिसेंबरात किती भरेल? माझ्या वहीतल्या मौदा-रामटेककडच्या बायकांच्या नोंदी हेच सांगतात. त्या थोड्या आहेत, पण मला पुरेशा वाटतात. शिवाय पाळी जाण्याच्या वयातल्या गरम वाफा इथे उन्हाच्या नावावर खपतात. बाई दुपारी भिजून निघते, सगळे म्हणतात ऊन लागलं, कांदा ठेव कमरेला.

नीट पाठपुरावा कसा होतो, यासाठी शेजारचा भंडारा बघा. 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला घेतलेल्या चार जिल्ह्यांत तो होता. माणूस नोंदवायचा, दर महिन्याला बोलवायचा, आला नाही तर शोधायचा. हे आपल्याला जमतं, हे तिथे दिसलं. माझी मागणी छोटी आहे. शिबिरातल्या त्या वहीत नाव, वय, गाव, मोबाइल, बीपी, साखर असे रकाने होते. आणखी दोन आखा: एक, पाळी चालू की बंद, आणि बंद असेल तर कशानं; दुसरा, कोणती गोळी चालू आहे. विचारायला पाऊण मिनिट लागतं. बाईनं विचारलं तर बायका सांगतात.

परवा त्या दोघी माझ्याकडे आल्या. सुनेनं आशाताईंशी बोलून छाया घ्यायचं ठरवलंय, दोन आठवड्यांनी पुन्हा बीपी पाहायचं. सासूनं पेटीतून ऑपरेशनचा कागद शोधून आणला होता, रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. घडीवर शाई उडाली होती, कागद सगळा इंग्रजीत. मी दोनदा वाचला आणि तिला सांगितलं की पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढलेले आहेत.

"मले तं पिशवीच सांगतली होती," ती म्हणाली. मग कागद माझ्या हातून घेऊन तिनं सुनेपुढे धरला. "कुठं लिवलं हाये ते दाखव." सुनेनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मिरचीचा तांबडा डाग कागदावर उमटला.